तिच्या पानावरची माझी मापं

“मॅडम, ही मापं कुणी टाकली?” परीक्षकाचा आवाज बाहेरच्या खोलीतल्या लॅपटॉपमधून निघाला आणि थेट स्वयंपाकघरात, ओट्याशी कप विसळत असलेल्या माझ्यापर्यंत आला. कप हातातून सुटला नाही, एवढंच. नळ मी लगेच बंद केला, कारण बायको यावर काय बोलते ते मला ऐकायचं होतं. तिची शेवटची तोंडी परीक्षा चालू होती. विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स, आधुनिक वेब डेव्हलपमेंट असं त्याचं भारदस्त नाव, सबंध वर्षभर ती त्याच्यामागे होती. तिने केलेलं पान परीक्षक तिकडे कुठल्यातरी खोलीत बसून स्वतःच्या फोनवर बघत होता, आणि त्या पानावर मापं टाकणारा माणूस इकडे ओले हात घेऊन उभा होता. मीच टाकली होती ती. काल, ती कामावर गेली असताना, कुणी सांगितलं नसताना, आणि खोटं कशाला बोलू, मोठ्या आनंदात टाकली होती.

परीक्षकाचा आवाज तापलेला नव्हता. तापलेला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाशी कसं वागायचं ते मला नोकरीत पाठ झालं होतं. हा आपला शांतपणे एकेक गोष्ट समोर मांडत होता. “हे बघा, सकाळी तुम्ही शेवटचं काम पाठवलंत, त्याच्या नोंदीत लिहिलंय, शीर्षक दुरुस्त केलं. पण त्याच्यासोबत जागोजागी मापंही बदलली गेलीत. तुमचं आधीचं सगळं काम मी वाचलंय. तुम्ही असं लिहीत नाही. हा हात वेगळा दिसतोय मला. आणि माझ्या फोनवर पान उजवीकडे कापलं जातंय. पुस्तक राखून ठेवायचं बटणच दिसत नाही.” बटण दिसत नाही म्हणजे संपलंच. तिचं अख्खं पान त्या बटणासाठी होतं. ती ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसते, आणि ते टेबल आता जाणार आहे. पुस्तक ठेवलं की स्वतःच नोंद करून घेणारं यंत्र आलंय, वाचक त्याच्याशीच देवाणघेवाण करून निघून जातात. मुख्य ग्रंथपालबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, ग्रंथालयाची वेबसाइट सांभाळायला एक माणूस लागेल, कोर्स पुरा केलात तर जागा तुमची, नाहीतर तळघरात जुन्या मासिकांचे गठ्ठे लावायला जावं लागेल. तळघरात खिडकी नाही. माझ्या बायकोला माणसांशी बोलल्याशिवाय जेवण पचत नाही.

आणि नियम असा की काम स्वतःचंच हवं. कोर्सच्या सुरुवातीला तिने तो नियम मला मोठ्याने वाचून दाखवला होता, दुसऱ्याचा हात दिसला तर काम बाद. म्हणजे आता तिने माझं नाव घेतलं की काम बाद, आणि ती मापं माझीच आहेत म्हणाली तर पहिल्या महिन्यात शिकवलेलंही हिला येत नाही असं ठरणार. मी दोन्हीकडून हिशेब मांडला, दोन्हीकडून तोटाच निघाला. खोटं बोल, मी मनात म्हणत होतो, माझीच आहेत म्हण, गडबडीत झालं म्हण, थोडे गुण जातील, जाऊ देत. आयुष्यात पहिल्यांदाच मी बायकोने खोटं बोलावं म्हणून मनापासून धावा करत होतो, तेही स्वयंपाकघरात उभा राहून, हातात फडकं घेऊन.

मला खोडच आहे ती. दुसऱ्याच्या घरी गेलो तरी भिंतीवरचं तिरकं चित्र सरळ केल्याशिवाय मला खुर्चीत बसवत नाही. मुलगी म्हणते, बाबा, तुम्हाला कुठे न्यायचं म्हणजे आधी त्यांच्या भिंती तपासायला हव्यात. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी उभा जन्म नकाशे काढले. कुठल्या गल्लीतून कुठला नळ जातो, कुठे वळतो, किती खोल आहे, सगळं ट्रेसिंग कागदावर, काळ्या शाईत. रेघ चुकली तर दाढीच्या ब्लेडच्या कोपऱ्याने शाई खरवडायची, अगदी हलक्या हाताने, श्वास धरून, कारण जरा जोर पडला की कागदाला भोक पडायचं आणि सगळं पहिल्यापासून. त्या खरवडण्याचा बारीक आवाज अजून माझ्या दातांत आहे. कागद केवढा, हे आधी ठरलेलं असायचं. त्याला चौकट असायची. चौकटीच्या आत काय ते करा, बाहेर काही नाही, आणि नकाशा एकदा सही होऊन बाहेर गेला की मग देवसुद्धा त्यात हात घालू शकत नसे. मला ते फार आवडायचं. निवृत्त झाल्यावर मला पहिले काही महिने कळेना की माझ्या दिवसाच्या चौकटी कुठे गेल्या.

आणि तेव्हाच हिने हा कोर्स घेतला. खरं सांगायचं तर मी हसलो होतो. या वयात, असं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, “या वयात नाही तर कुठल्या? पुढचं वय जास्त असणार.” सकाळी कामावर जायच्या आधी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची, शिकवणाऱ्या बाईंची चित्रफीत लावायची, थांबवायची, स्वतः टाइप करून बघायची, पुन्हा लावायची. मी शेजारी चहा घेत बसायचो आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. सुरुवातीला सगळं डोक्यावरून गेलं. मग हळूहळू कळायला लागलं की पानाचा मजकूर एका फाईलमध्ये असतो, त्याचं दिसणं दुसऱ्या फाईलमध्ये, आणि बटण दाबल्यावर काय व्हायचं ते तिसऱ्या फाईलमध्ये. आमच्या कचेरीतही असंच होतं, एकाने मोजायचं, दुसऱ्याने काढायचं, तिसऱ्याने खणायचं, फक्त इथे तिघांचं काम एकटी हीच करत होती.

तिच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त कशाचं नवल वाटलं असेल तर ते लाल ओळींचं. काही चुकलं की पडद्यावर लाल अक्षरांत भली मोठी तक्रार येते. मी असतो तर लॅपटॉप बंद करून फेरफटका मारायला गेलो असतो, मला ती अक्षरं बघूनच अपमान झाल्यासारखं व्हायचं. ही चष्मा नीट करायची आणि ती तक्रार पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचायची. “काय म्हणतोय ते बघू तरी,” म्हणायची. मी एकदा विचारलं, तुला राग येत नाही? तर म्हणाली, “टेबलावर येऊन वाचक ओरडतो ना, तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. फक्त सांगता येत नसतं. हेही तसंच आहे.” एक कंस बंद करायचा राहिला म्हणून तिचं पान कित्येक दिवस उघडत नव्हतं. त्या दिवसांत तिने भाजी जळू दिली, फोन उचलले नाहीत, पण चिडली नाही. सापडला तेव्हा एकटीच हसत बसली. माझ्या हाताखाली अशी माणसं असती तर मी कचेरीत इतका आरडाओरडा केला नसता. मला ही बाई इतकी वर्षं माहीत होती आणि हे तिच्यात आहे हे माहीत नव्हतं. याचा मला आनंद झाला की वाईट वाटलं ते अजून ठरवता आलेलं नाही.

पान करायला घेतलं तेव्हा तिने एक विचित्र गोष्ट सुरू केली. ग्रंथालयात टेबलाशी येणाऱ्या वाचकांचे फोन ती मागून घ्यायची. एका मिनिटासाठी द्या हो, म्हणायची, आणि त्यांच्या फोनवर स्वतःचं पान उघडून बघायची. कुणाचा फोन तळहातापेक्षा लहान, कुणाचा पडदा तडकलेला, कुणी तो आडवा धरणारा. एक आजोबा यायचे, त्यांनी अक्षरं इतकी मोठी करून ठेवलेली की एका वेळी पडद्यावर दोन-तीन शब्दच मावायचे. हिचं पहिलं पान त्यांच्या फोनवर पार विस्कटलं. घरी आली ती त्या आजोबांचाच विषय घेऊन, आणि बसून पुन्हा सगळं बदललं. आता पुस्तकाच्या चौकटींना रुंदी नव्हती, उरेल त्यातला अमुक भाग, मावेल तेवढं, नाही मावलं तर खाली जा, असं तिने लिहिलं होतं. मला ते तिने वाचून दाखवलं होतं. मी मान हलवली होती. मान हलवणं आणि कळणं यांत माझ्या बाबतीत बरंच अंतर असतं.

म्हणजे काल काय झालं, तर घरात मी एकटा, टेबलावर लॅपटॉप उघडा, आणि त्यावर हिचं पान. तिने मला सांगून ठेवलं होतं, तुमची नजर तीक्ष्ण आहे, काही तिरकं दिसलं तर मला सांगा. सांगा म्हणाली होती. मी बघत बसलो, आणि मला दिसलं की पुस्तकांच्या चौकटींची उजवी कड वरच्या पट्टीच्या कडेशी जुळत नाही. केसभर. एका ओळीत तीन पुस्तकं आणि पुढच्या ओळीत दोनच, चित्रांच्या उंच्या वेगळ्या. मला ते बघवेना. दिसण्याची फाईल कुठली ते मला माहीत होतं. उघडली, तर सगळीकडे तेच, मावेल तेवढं, उरेल तेवढं. मला वाटलं, दमली असणार बिचारी, शेवटी शेवटी ढिलं सोडलं. मग मी पडदा मोजला आणि प्रत्येक ठिकाणी पक्कं माप लिहिलं. हे इतकं, ते इतकं, मधली जागा इतकी, चित्र इतकं रुंद, इतकं उंच. पान असं काही बसलं की काय सांगू, एका रेषेत, चौकटीत, सही करून बाहेर पाठवावं असं. कित्येक महिन्यांनी हाताला काम मिळाल्यासारखं वाटलं. आणि गंमत म्हणजे मी ते तिला सांगितलं नाही. तिला आपणहून दिसावं, तिने म्हणावं, अय्या, हे कुणी केलं, आणि मी पेपर बाजूला न करता म्हणावं, कुणीतरी केलं असेल. एवढी साधी फुशारकी होती. ती दमून आली, जेवली, झोपली. सकाळी घाईत एका शीर्षकातला शब्द सुधारला आणि सगळं एकदम पाठवून दिलं.

कागद केवढा आहे ते माहीत नसताना काढायचं. हे मला आत्ता, या ओट्याशी, परीक्षक बोलत असताना कळत होतं. ती वर्षभर हेच शिकत होती. कागद लहान असेल, मोठा असेल, तडकलेला असेल, बघणाऱ्याचे डोळे गेलेले असतील, तरी बटण दिसलं पाहिजे. आणि मी त्या कागदाला माझ्या लॅपटॉपची चौकट ठोकून दिली होती. मी फडकं ओट्यावर टाकलं आणि पॅसेजमध्ये आलो. आत जाऊन सांगावं, साहेब, मी केलं, तिचा काही संबंध नाही. पण सांगितलं की काम बाद, हे आठवून दाराशी थांबलो. दार अर्धवट उघडं होतं. तिची पाठ दिसत होती, नेहमीसारखी ताठ, आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेला तिचा रुमाल.

“हा बदल माझा नाही,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्याने केलाय.” मी डोळे मिटले. तिच्या आवाजात चाचपडणं नव्हतं, टेबलावर बसून ती जशी सांगते की हे पुस्तक गेलंय, पुढच्या आठवड्यात या, तसंच सांगत होती. “मला आत्ता तुम्ही दाखवलंत तेव्हा कळलं. त्यांची मापं मी ओळखते. पण पाठवलं मी. त्यामुळे चूक माझी आहे.”

“पाठवण्याआधी काय काय बदललंय त्याची यादी समोर येते,” परीक्षक म्हणाला. “ती वाचायची असते. हे तर पहिल्याच महिन्यात शिकवलं जातं.”

“हो. मी वाचली नाही.”

“का?”

मला वाटलं आता घाईचं कारण सांगेल, दमले होते म्हणेल, आणि ते खरंही होतं. “घरात आम्ही दोघंच असतो,” ती म्हणाली. “घरच्या माणसाचं तपासायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

पॅसेजच्या भिंतीला मी टेकलो. ती भिंत मी मागच्याच महिन्यात रंगवली होती. मला कुणी थोबाडीत दिली असती तरी इतकं लागलं नसतं. तिने मला दोष दिला नव्हता, झाकलंही नव्हतं. होतं ते जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि त्यात मी सापडलो होतो तो ज्याचं काम डोळे मिटून पुढे पाठवावं असा माणूस म्हणून. मला त्या क्षणी ती इतकी मोठी वाटली की मी दाराआड उभा आहे याचीच लाज वाटली.

काही कागद हलल्याचा आवाज आला. मग परीक्षक म्हणाला, “नियम पूर्ण वाचला तर असा आहे की मदत घेतली तर ती सांगायची. लपवली तर काम बाद. तुम्ही घेतली नव्हतीत, पण विचारल्यावर लगेच सांगितलंत. पण मॅडम, मला हे बघायचंय की बाकीचं सगळं तुमचं आहे. मागच्या आवृत्तीवर परत जाऊ नका, ते कुणालाही येतं. माझ्यासमोर एकेक माप काढून टाका आणि प्रत्येक वेळी मला सांगा, का काढताय.”

तिने काढायला सुरुवात केली. मी आयुष्यात पुष्कळ तपासण्या बघितल्या, स्वतः केल्या, पण अशी बघितली नव्हती. “ही रुंदी काढते,” ती म्हणायची, “कारण लहान फोनवर ही चौकट पडद्यापेक्षा मोठी होते.” बोटांचा आवाज. “ही मधली जागा काढते, कारण अक्षरं मोठी केली की जागाही वाढायला हवी.” पुन्हा बोटांचा आवाज. प्रत्येक मापामागे तिच्याकडे एक माणूस होता. फोन आडवा धरणारा, तडकलेल्या पडद्याचा, मोठ्या अक्षरांचे ते आजोबा. मी कारणं ऐकत होतो आणि माझी मापं एकेक करून पडत होती, आणि आश्चर्य म्हणजे मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. कुणी इतक्या आदराने माझी चूक खोडलेली मला आठवत नाही. ब्लेडने खरवडलं की कागद पातळ व्हायचा. इथे काही पातळ होत नव्हतं. परीक्षकही मधेमधे फक्त हं म्हणत होता, आणि त्याचं हं हळूहळू बदलत गेलं, आधी तपासणाऱ्याचं होतं, मग ऐकणाऱ्याचं झालं.

शेवटाकडे ती अडली. बोटांचा आवाज थांबला. “हे एक मी ठेवते,” ती म्हणाली.

“कुठलं?”

“पुस्तकाच्या चित्राचं. रुंदी आणि उंची. पडद्यापेक्षा मोठं होऊ नये एवढं वर लिहिते, पण माप राहू दे.”

“का?”

“चित्र उशिरा येतं. त्याची जागा आधी धरून ठेवली नाही, तर ते आल्यावर खालचं सगळं हलतं. वाचक बटण दाबायला जातो आणि बटण सरकतं. माझ्या वाचकांनी दोनतीनदा तक्रार केली होती, मला कारण सापडत नव्हतं. हे बरोबर आहे.”

“म्हणजे हे तुम्हाला सुचलं नव्हतं.”

“नाही. हे त्यांचंच.”

परीक्षक हसला. पहिल्यांदाच. “नोंदीत तसं लिहा,” म्हणाला. ती टाइप करताना मला ऐकू येत होतं, पण काय लिहिलं ते दिसत नव्हतं, आणि दार ढकलून बघायची माझी छाती झाली नाही. मग त्याने फोनवर पान पुन्हा उघडलं, फोन आडवा करून बघितला, अक्षरं मोठी करून बघितली, आणि म्हणाला, “बटण दिसतंय. पास आहात, मॅडम. पाठवण्याआधीच्या तपासणीचे गुण मात्र देता येणार नाहीत.” ती म्हणाली, “मिळायलाच नकोत.” आणि मग त्याचे आभार मानले, त्याच्या कोर्सबद्दल, शिकवणाऱ्या बाईंबद्दल काहीतरी चांगलं बोलली, आणि लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

मी घाईने ओट्याशी परत आलो आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला. ती आली, माठाशेजारचं भांडं उचलून पाणी प्यायली, सगळं पाणी एका दमात, आणि मग खुर्ची ओढून बसली. मी चहा टाकला.

“रागावलीस?” मी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “फार.” आणि खरंच रागावली होती, डोळ्यांत दिसत होतं. “तळघरात गेले असते मी. तुमच्या त्या केसभर रेषेसाठी.”

“माहीत आहे.”

“मी म्हणाले होते, सांगा. हात लावा असं म्हणाले नव्हते.”

“हो.” चहा उकळला, मी गाळला, तिच्यापुढे ठेवला. तिने कपाभोवती दोन्ही हात धरले. रस्त्यावर कुणीतरी दुचाकी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती.

“सोमवारपासून मला ग्रंथालयाचं खरं पान करायचंय,” शेवटी ती म्हणाली. “हजारो पुस्तकं. चित्रं, नावं, सगळं तिरकं-वाकडं असणार. माझी नजर तुमच्यासारखी नाही.” तिने माझ्याकडे बघितलं. “तुम्ही बसा माझ्याबरोबर. हात लावायचा तर लावा. पण तुमचं प्रत्येक अक्षर मी तपासणार. तपासल्याशिवाय या घरातून काही जायचं नाही.”

तिच्या आवाजात अजून राग होता, आणि तो जायला एकदोन दिवस लागणार हे मला ठाऊक होतं. मी तिच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसलो.

“तपास,” मी म्हणालो.